पदराच्या गाठीतलं बी

मैत्रिणींनो, मागच्या लेखात वर्षाच्या मसाल्याबद्दल लिहिताना ‘मे महिन्यात आम्ही मॉरिशसला गेलो होतो’ असं एक वाक्य सहज माझ्या हातून लिहिलं गेलं. तुमच्यापैकी कित्येकींनी मसाला राहू दिला बाजूला आणि त्या वाक्यालाच धरलं! ‘तिकडचं सविस्तर लिहा’, ‘म्हाताऱ्या माणसांना झेपतं का’, ‘बरोबर काय न्यावं’ असे प्रश्न आलेत. समुद्रकिनाऱ्यांचं वर्णन प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत भरपूर असतं. मी आज सांगणार आहे ती तिथल्या डोंगरातून जाणाऱ्या एका रस्त्याची हकीकत. त्या रस्त्यावर माझं आणि सासूबाईंचं थोडं वाजलं. तेही सांगते, कारण त्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

ह्यांचा भाचा नोकरीनिमित्त तिथे वाकोआ नावाच्या गावी राहतो. राहण्याचा खर्च नाही म्हटल्यावर माझी भिशी आणि ह्यांचा बोनस असं जुळवून आम्ही चौघं निघालो. हे, मी, आठवीतला चिरंजीव आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. मुंबईहून विमानाचे सहा-सात तास. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. मे महिना मुद्दाम निवडला. एक तर मुलांना सुट्टी, आणि दुसरं म्हणजे हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा थंडीचा आरंभ. जानेवारी ते मार्च हा तिथे चक्रीवादळांचा हंगाम, तोही टळतो.

बेट लहानसंच आहे, पण त्याच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात खरेखुरे डोंगर, दऱ्या आणि जंगल आहे. त्यातलं सुमारे ६,५०० हेक्टर जंगल १९९४ साली राखीव झालं. तेच ‘ब्लॅक रिव्हर गॉर्जेस’, मॉरिशसचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. देशातलं सर्वांत उंच शिखर इथलंच, ८२८ मीटरचं. म्हणजे साधारण आपल्या माथेरानएवढं. पेत्रँ नावाच्या नाक्यापासून शामारेल गावापर्यंत पंधराएक किलोमीटरचा पक्का रस्ता ह्या जंगलाच्या माथ्यावरून जातो. माथ्यावरच्या पठाराला म्हणतात प्लेन शांपेन. नाव फ्रेंच, कारण इंग्रजांच्या आधी इथे फ्रेंचांचं राज्य होतं. हा रस्ता सातशे मीटरांच्या वर चढतो. ह्यांनी हिशेब करून सांगितलं, “आई, आपलं सातारा शहर जवळजवळ एवढ्याच उंचीवर आहे.” सासूबाई म्हणाल्या, “मग एवढे पैसे खर्चून विमानानं कशाला आणलंस?”

भाच्याने चालकासह मोठी गाडी ठरवली होती. शेजारच्या एक शिक्षिकाबाई रस्ता दाखवायला आमच्याबरोबर आल्या. त्या मराठी शिकवतात! मी इकडे शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, तेव्हा आमचं लगेच जमलं. त्यांचे खापरपणजोबा कोकणातून ऊसमळ्यांवर राबायला गेले होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून साडेचार लाखांवर माणसं करारावर त्या बेटावर नेली गेली. बहुतेक बिहारकडची, पण आपल्या मुंबई इलाख्यातलीही होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज घरात क्रिओल बोलतात, पण गणेशचतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. बाईंचं मराठी पुस्तकातून शिकलेलं. “आपण पुढील आसनावर बसून घ्यावे,” असं त्या सासूबाईंना म्हणाल्या, तेव्हा चिरंजीव तोंड फिरवून हसला. मी त्याला चिमटा काढला. पाच पिढ्यांनंतर ज्यांनी भाषा धरून ठेवली आहे, त्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार काय?

आता थोडं कामाचं. रस्ता उत्तम आहे पण वळणावळणाचा, आणि सासूबाईंना घाट सोसत नाही. आंबेनळीच्या घाटात एकदा फार हाल झाले होते त्यांचे. म्हणून मी केलेली तयारी अशी. सकाळी पोटभर खाणं नाही, पण उपाशीही नाही. एक फुलका नि थोडं लोणचं. डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास. बसायला पुढची जागा आणि नजर लांबच्या रस्त्यावर. पर्समध्ये आल्याच्या वड्या, लिंबू, ओला रुमाल आणि कागदी पिशव्या. ह्या गोष्टी कुठल्याही घाटात उपयोगी पडतात. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे डोळ्यांनाही चुकल्यासारखं होत नाही. माथ्यावर धुकं आणि पावसाची भुरभुर केव्हाही येते. छत्री आणि एखादा स्वेटर हवाच. किनाऱ्यावर घामाघूम झालेलो आम्ही वर कुडकुडत होतो.

उद्यानात शिरायला आम्हाला तिकीट पडलं नाही. पेत्रँला माहिती केंद्र आहे. तिथून अगदी जवळ गंगा तलाव. हे विवरातलं तळं तिथल्या हिंदूंचं मोठं तीर्थ. १९७२ साली भारतातून गंगाजल आणून त्यात मिसळलं. काठाजवळ ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. महाशिवरात्रीला लोक बेटाच्या सगळ्या बाजूंनी चालत येतात. सासूबाईंनी तिथे दोन फुलं वाहिली आणि प्रसादाची केळी माकडाने हातातून पळवली. ही माकडं मूळची तिथली नव्हेत, काही शतकांपूर्वी गलबतांतून आलेली. आता त्यांचा सुळसुळाट झाला आहे. त्यांना खाऊ देऊ नये आणि पिशवी उघडी ठेवू नये.

परत फिरून जंगलाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना दाट झुडपं, हात घालायला जागा नाही अशी. गुळगुळीत खोडं, तुकतुकीत पानं आणि त्यांत गोट्यांएवढी लालचुटुक फळं. रस्त्याकडेला गाड्या थांबवून घरंच्या घरं फळं तोडत होती. आयाबाया डबे भरत होत्या. एक बाई तिखटमीठ लावून फळांच्या पुड्या विकत होती. हेच तिकडचे ‘गोयाव दे शीन’, म्हणजे चिनी पेरू. आम्हीही घेतल्या पुड्या. आंबटगोड, आपल्या पेरूपेक्षा स्ट्रॉबेरीच्या जवळ जाणारी चव, आणि आत कडक बियाच बिया. मला तर आमच्या डोंगरातली करवंदं तोडायला जाण्याचे दिवस आठवले.

पुढे अलेक्झांड्रा धबधब्यापाशी उतरलो. त्याहून पुढे एका वळणावर दरीचा कठडा आहे. धुकं बाजूला झालं आणि खाली हिरवीगार, खोल, चिरत गेलेली दरी दिसली. तिच्या टोकाला निळा समुद्र. सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहून अरबी समुद्र इतका जवळ कुठे दिसतो? पांढरी, लांब शेपटीची पाखरं दरीवरून तरंगत होती. सासूबाई कठड्याला धरून पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या.

तिथेच बाईंनी ती गोष्ट सांगितली. ह्या सबंध बेटावर मूळचं, चांगल्या स्थितीतलं जंगल आता दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. बरंचसं ऊस, चहा, लाकूड ह्यांसाठी तोडलं गेलं. जे उरलं त्याला आतून खाणारा हा पेरू! नाव चिनी, पण आहे ब्राझीलचा. कोणी तरी चवीसाठी, कौतुकाने आणून लावला. पाखरं, डुकरं, माकडं फळ खातात आणि बी सगळीकडे टाकतात. रोपं इतकी दाट उगवतात की खाली मूळच्या झाडाचं पिल्लू तग धरत नाही. उद्यानात काही तुकड्यांना कुंपण घालून माणसं हातांनी ही रोपं उपटतात. एकदा उपटून भागत नाही. पुन्हा बी रुजतं, पुन्हा उपटायचं. मी मनात म्हटलं, हे काम आपल्या ओळखीचं आहे. रोज निवडायचं, रोज झाडायचं आणि थांबलं की दिसायचं!

पण त्या मेहनतीचं फळही दिसतं. तिथल्या छोट्या ससाण्याचे १९७४ साली रानात फक्त चार पक्षी माहीत होते. गुलाबी कबुतरांची संख्या १९९० च्या सुमारास दहावर आली होती. डोडो पक्ष्यासारखे हेही संपले असंच लोक धरून चालले होते. कार्ल जोन्स नावाचे शास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं हाताने वाढवून, रानात खाद्य ठेवून हे पक्षी वाचवले. आज गुलाबी कबुतरं काही शेकड्यांत आहेत. एक आम्हालाही दिसलं. गोबरं, फिक्या गुलाबी रंगाचं, आणि माणसाची फारशी भीती नसलेलं.

गाडी शामारेलकडे निघाली. आरशातून माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांनी पेरूच्या बिया रुमालात टिपून ठेवल्या होत्या आणि आता त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या.

तुम्हाला सांगते, ही त्यांची आयुष्यभराची सवय. आमच्या साताऱ्याच्या घराचं अंगण त्यांनी अशानेच भरलं. रामफळ माहेरच्या वाईचं. अनंत मंगेशीहून आणलेला. गावठी गुलाबाची फांदी शेजारणीची, ती वारली तरी गुलाब तिच्याच नावाचा. कुठेही गेलं की “एवढी फांदी द्या हो” म्हणायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. पण त्या मे महिन्यात आमचं घर पाडून इमारत बांधायचं ठरलेलं होतं. सह्या झाल्या होत्या. अंगण जाणार होतं. आम्हाला तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या आणि एक गॅलरी मिळायची होती. सासूबाईंनी सही करताना एक शब्द काढला नव्हता.

मी म्हटलं, “आई, बी नेता येत नाही आपल्याला. परवाना लागतो.”

“पदराच्या गाठी सोडून कोण बघतंय?”

“आत्ता बाईंनी काय सांगितलं? आपल्याकडे हे माजलं म्हणजे?”

“एका झाडानं काय होतंय गं!”

माझं डोकं दुखत होतं, रात्री झोप झाली नव्हती. ही काही सबब नव्हे. माझ्या तोंडून गेलं, “आणि लावणार कुठे? गॅलरीत?”

शब्द बाहेर पडला आणि मला कळलं. ह्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. उरलेला रस्ता गाडीत फक्त चालकाचा रेडिओ चालू होता. बाहेर काय देखावा होता ते मला विचारू नका, मी पाहिला नाही.

शामारेलला सात रंगांची माती आहे. लाल, तपकिरी, जांभळट, पिवळी, निळसर अशा मातीच्या लाटाच पसरलेल्या. ज्वालामुखीचा खडक झिजून झालेल्या मातीत लोखंड आणि ॲल्युमिनियमचे क्षार वेगवेगळ्या प्रमाणांत राहिले, म्हणून हे रंग. जवळच ८० मीटरांहून उंच धबधबा आहे. दोन्हींसाठी तिकीट आहे. मातीला कठडा आहे, आत पाय ठेवता येत नाही. हे आणि मुलगा छायाचित्रं काढायला गेले. सासूबाई बाकावर बसल्या. मी शेजारी बसले, पण बोलायचं धाडस होईना. बाई आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसल्या. त्यांना सगळं कळलं असावं, मराठी तर त्यांना येतच होतं!

सासूबाईंनीच सुरुवात केली. जरा तिरकसपणेच. “बाहेरचं झाड वाईट म्हणता, मग तुमची माणसं? तीही बाहेरचीच की.”

बाई रागावल्या नाहीत. विचार करून, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “होय, मावशी. आम्हांस आणले गेले. पेरूसही आणले गेले. दोष पेरूचा नाही. परंतु पेरू दुसऱ्यास जागा ठेवीत नाही. माणसास ठेवता येते.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला का कोण जाणे, लग्नानंतरचा पहिला आठवडा आठवला. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात फडताळं तीन. तिन्ही त्यांच्या डब्यांनी भरलेली. एका सकाळी उठून पाहते तर मधलं फडताळ रिकामं, पुसून, कागद घालून ठेवलेलं. “तुझं सामान इथे लाव,” एवढंच म्हणाल्या होत्या. सोळा वर्षं मी ते फडताळ वापरते आहे, पण त्यांनी आपले डबे कुठे नेले हे मी कधी विचारलं नव्हतं.

“आई, मघाशी मी फार लागट बोलले,” मी म्हटलं.

“बोललीस खरं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण खोटं नाही बोललीस. कुठे लावणार होते मी?”

मग आम्ही पश्चिमेच्या किनाऱ्याकडचा उतार उतरलो. वळणावळणाला समुद्र वर येतो, आणि समोर ल मॉर्नचा काळा, उभा डोंगर. गुलामगिरीच्या काळात पळालेले गुलाम त्याच्या आश्रयाला लपत. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. हा देखावा मात्र मी डोळे भरून पाहिला. सासूबाईंनाही घाट लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरी बोलावलं. ओट्यावर चिनी पेरूंची पाटी. त्या जेली करणार होत्या. सासूबाई उठल्या, पदराची गाठ सोडली आणि बिया सरळ पातेल्यात टाकल्या. “शिजू देत,” म्हणाल्या. उकळलेलं बी उगवत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. येताना आम्ही बाटलीभर जेली आणली, बी एकही नाही.

ती जेली आपल्या पेरूंचीही उत्तम होते. एक किलो पेरू घ्या. निम्मे पिकलेले, निम्मे जरा कच्चट, म्हणजे जेली चांगली जमते. फोडी करून, बुडतील इतकं पाणी घालून अर्धा-पाऊण तास मऊ शिजवा. पातळ फडक्यात घालून रात्रभर टांगून ठेवा. पिळू नका, रस गढूळ होतो. जितके कप रस, तितके पाऊण-पाऊण कप साखर आणि एका लिंबाचा रस. जाड बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर उकळा, फेस काढत राहा. गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला की सुरकुती पडली पाहिजे. मग उतरवा. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरा.

आणि प्रवासाला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. परदेशातून बी, रोप, फांदी आपल्या देशात आणायला परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. २००३ पासून तसा स्पष्ट आदेश आहे. मॉरिशसला जातानाही ताजी फळं, भाज्या, रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. ही नुसती सरकारी कटकट नव्हे. आपल्या डोंगरांवर माजलेली घाणेरी इंग्रजांच्या काळात शोभेसाठीच आली. नद्या झाकणारी जलपर्णीही फुलांच्या हौसेनेच आली. आणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सासूबाईंच्या मनात तरी कुठे होतं?

आता आम्ही नव्या जागेत आलो आहोत. गॅलरीत दोन कुंड्या आहेत. एकीत तुळस, दुसरीत जुन्या अंगणातल्या गुलाबाची फांदी. शेजारणीचाच तो. रामफळ मात्र राहिलं, ते कुंडीत कसं मावणार? पाडण्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी त्याचं बी काढून ठेवलं आणि माझ्या शाळेच्या आवारात मुलींकडून लावून घेतलं. पावसाळ्यात तीन रोपं वर आली. घरातलं मधलं फडताळ ह्या वेळी मी रिकामं केलं, पुसून कागद घातला आणि सासूबाईंना म्हटलं, “आई, तुमचं सामान इथे लावा.”

जेलीची बाटली केव्हाच संपली. तिच्यात आता मोहरी असते.